चंद्र निघाला का?

खगोलशास्त्रातला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न जबलपूरच्या मराठी घरांत महिन्यातून एकदा, वद्य चतुर्थीच्या रात्री विचारला जातो: "चंद्र निघाला का?" महाराष्ट्रात चंद्र उगवतो. जबलपुरात हिंदीच्या शेजारामुळे तो निघतो, कटनीहून सुटलेल्या पॅसेंजरसारखा. आणि तिच्यासारखाच तोही लेट आहे, अशी वाट बघणाऱ्यांची पक्की समजूत असते. विचारणाऱ्याला चंद्राचे वस्तुमान नको असते. तो पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, हेही नको असते. दिवस साबुदाण्यावर काढलेल्या माणसाला एकच अंतर मोजायचे असते, ते म्हणजे आपण आणि झाकून ठेवलेले मोदक यांच्यातले. ते मिनिटांत मोजतात.

या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या दिनदर्शिकेत असते, पण ते मुंबईचे असते. मुंबई पूर्व रेखांशाच्या ७२.८ अंशांवर आहे, जबलपूर जवळजवळ ८० अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. सात अंशांची अठ्ठावीस झाली. म्हणजे मुंबईत छापलेल्या चंद्रोदयाच्या साधारण अर्धा तास आधीच जबलपूरचा चंद्र वर आलेला असतो. अक्षांशातला फरक आणि ऋतू यांमुळे हा अर्धा तास दहा मिनिटांनी इकडे-तिकडे सरकतो, इतकेच. गावोगावच्या वेळांचा तक्ता न बघता मुख्य पानावर विसंबणारी घरे वर्षानुवर्षे अर्धा तास जास्त उपाशी राहत आली आहेत. त्याबद्दल अर्धा तास जास्त पुण्य जमा होते का, हा प्रश्न खगोलशास्त्राच्या हद्दीबाहेरचा आहे.

उत्तर देणाऱ्याची खरी परीक्षा वेळ सांगून झाल्यावर सुरू होते. "आठ बेचाळीस म्हणाला होतात, पन्नास झाले, कुठाय?" चंद्रोदय म्हणजे सपाट, मोकळ्या क्षितिजावर चंद्राची कड दिसू लागण्याची वेळ. जबलपूरला सपाट, मोकळे क्षितिज कधीच नव्हते. आधी टेकड्या होत्या, आता टेकड्यांपुढे इमारती आहेत. पूर्वेला दहा अंश उंच दिसणारी इमारत असली, तर ती चंद्राची पाऊण तास अडवणूक करते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, कारण मधल्या काळात तो आपल्या कक्षेत तेरा अंश पूर्वेला सरकलेला असतो. पौर्णिमेला दिवेलागणीला येणारा चंद्र चतुर्थीपर्यंत जेवणाची वेळ उलटवून टाकतो. हे सगळे समजावून सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चंद्र दिसतो, आणि श्रोता ताट वाढायला निघून जातो. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसतच नाही. तेव्हा छापील वेळ झाली की अर्घ्य देऊन मोकळे होतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या ग्रहगोलाचे अस्तित्व केवळ गणिताच्या भरवशावर इतक्या तत्परतेने मान्य करणारा समाज शास्त्रज्ञांना अन्यत्र क्वचितच मिळाला असेल.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला हाच समाज याच चंद्राकडे पाठ करून बसतो. त्या संध्याकाळी पश्चिमेला पातळ कोर असते आणि दोन-तीन तासांत ती मावळते. तेवढा वेळ खाली मान घालून चालले की काम भागते. "चुकून दिसला, आता काय?" या प्रश्नाला दूरबीनवाल्याकडे उत्तर नसते. तो तर मुद्दाम बघत असतो.

चंद्रावरून महिन्यांवर येणे ओघाने येते, आणि इथे जबलपूर मुंबई-पुण्याच्या पुढे आहे, कारण इथल्या मराठी माणसाला दोन श्रावणांच्या मध्ये राहावे लागते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, मग रेल्वेबरोबर, मग १९०४ साली उभ्या राहिलेल्या तोफगाड्यांच्या कारखान्याबरोबर आणि नंतरच्या खमरियासारख्या कारखान्यांबरोबर मराठी कुटुंबे इथे आली. येताना ती वरवंटा, देव्हारा आणि अमान्त महिना घेऊन आली. अमान्त म्हणजे अमावास्येला संपणारा. शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा. चंद्र एकच, पक्ष तेच, सणही बहुतेक त्याच रात्री. फक्त महिन्याची पाटी कुठे लावायची यावर मतभेद. त्यामुळे कृष्ण जन्मतो ती अष्टमी मराठी घरात श्रावण वद्य आणि भिंतीपलीकडे भादों वद्य असते. कृष्णाला याचा काही त्रास झाल्याची नोंद नाही.

त्रास गटारीला होतो. गुरुपौर्णिमा झाली की शेजाऱ्यांचा सावन लागतो आणि त्यांच्या घरातून लसूण-कांदा, अंडी, मांस सगळे हद्दपार होते. मराठी श्रावण मात्र आषाढी अमावास्येनंतर, म्हणजे आणखी पंधरा दिवसांनी लागायचा असतो, आणि त्याच्या तोंडावर गटारी साजरी करण्याची जबाबदारी असते. गटारीची अमावास्या शेजारच्या सावनाच्या बरोबर मधोमध येते. मटणाचा वास भिंती मानत नाही. "भाभीजी, सावन में?" या प्रश्नाला खगोलशास्त्रीय उत्तर देता येते: महिना मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही शास्त्रशुद्ध आहेत, आणि आमच्या पद्धतीने आज आषाढ आहे. हे उत्तर पूर्ण बरोबर आहे आणि आजवर कुणाला पटलेले नाही. पंधरवड्यानंतर पारडे फिरते. राखीपौर्णिमेला शेजाऱ्यांचा सावन सुटतो, त्यांच्या कढईत पुन्हा लसूण पडतो, आणि मराठी घर पोळ्याच्या अमावास्येपर्यंत वांग्यावाचून दिवस काढते. चंद्राने दोन्ही बाजूंना सारखाच न्याय दिलेला आहे, पण उपवास करणाऱ्याला फक्त आपलेच दोन आठवडे मोजता येतात.

बारा चांद्रमास भरतात सुमारे ३५४ दिवसांत, सौरवर्षाला लागतात ३६५. दरसालची ही अकरा दिवसांची उधारी साचत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून फेडतात. मराठी घरात त्यानिमित्त जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. साडेबत्तीसचे तेहतीस कसे झाले, असे एखाद्या हिशेबी जावयाने विचारल्यास अर्धा तळताना फुटला असे सांगावे. २०२३ साली श्रावणच अधिक आला. अधिक महिना दोन्ही पद्धतींत अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच धरतात, त्यामुळे शेजाऱ्यांच्या सावनाचे दोन तुकडे होऊन त्यांच्या पोटात हा पाहुणा बसला, आणि ४ जुलैला लागलेला सावन ३१ ऑगस्टला सुटला. त्या वर्षी जबलपूरला दोन्ही बाजूंनी सहानुभूतीचे वातावरण होते.

त्याच वर्षी, अधिकानंतरच्या निज श्रावणात, शुद्ध सप्तमीच्या सुमारास, २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. "मुहूर्त काढला असणार," हे विधान प्रश्नार्थक सुरात सर्वत्र ऐकू आले. शास्त्रीय उत्तर असे की, मुहूर्त काढलाच होता, फक्त तो चंद्राचा होता. यान सूर्यप्रकाशावर चालणारे. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच. उतरायच्या जागी नुकताच सूर्योदय झालेला असला, तरच पूर्ण चौदा दिवस काम मिळते. विचारणाऱ्याने यातले "मुहूर्त काढलाच होता" एवढेच घरी नेले.

कोजागरीच्या रात्री एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर दूरबीन लावतात. दूरबीन लावायला वर्षातली याहून वाईट रात्र शोधून सापडायची नाही. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या नसतात, त्यामुळे विवरे सपाट होतात आणि चंद्र भाकरीसारखा दिसतो. चांदण्यात बाकीचे आकाश धुऊन निघते ते निराळेच. विवरे बघायची तर सप्तमी-अष्टमी गाठावी. पण सप्तमी-अष्टमीला मसाला दूध नसते, आणि दूध नसेल तर रांग नसते. तेव्हा खगोलप्रसाराचे कार्य दुधाच्या तिथीनुसार चालते.

रांगेतल्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. पहिला: "कितीला पडली?" दुसरा: "किती पॉवरची?" तिसरा: "किती किलोमीटरपर्यंतचं दिसतं?" तिसऱ्या प्रश्नात दूरबीन ही टॉर्चसारखी वस्तू असून तिचा पल्ला कुठेतरी संपतो, अशी कल्पना आहे. खरे तर पल्ला डोळ्याचाही संपत नाही. बरगी धरणाच्या बाजूला शहराचे दिवे मागे टाकून गेल्यास, शरदातल्या अमावास्येला देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तो २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. सदर बाजारातून मात्र चष्मा लावूनही समोरची पाटी धूसर दिसते. दूरबीन लांबचे दाखवत नाही, अंधुक असलेले उजळून दाखवते. तिच्या आरशाने किती प्रकाश गोळा केला यावर सगळे असते. एवढे सांगेपर्यंत रांगेतला पुढचा माणूस डोळा लावून मोकळा झालेला असतो, आणि त्याने दूरबीन हाताने धरून हलवल्यामुळे चंद्र निघून गेलेला असतो.

"अमेरिकेने लावलेला झेंडा दाखवा" ही मागणीही पक्की. झेंडा जेमतेम दीड मीटर रुंद. पावणेचार लाख किलोमीटरवरून तो निव्वळ एक ठिपका म्हणून वेगळा ओळखायचा, तरी पावणेदोनशे मीटर व्यासाचा आरसा लागेल. चिलीमध्ये बांधत असलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या दूरबिणीचा आरसा ३९ मीटर आहे. सोसायटीच्या दूरबिणीचा सहसा ताटाएवढाही नसतो. यावर "मग गेलेच नसतील" असा निष्कर्ष तिथल्या तिथे काढला जातो, आणि तो काढणारा गृहस्थ बहुधा बँकेत नसलेले पैसे पासबुकावर छापलेले बघून निश्चिंत झोपणारा असतो.

शनी दाखवला की प्रश्न थांबतात. ते गोल बिंब आणि त्याभोवतीची अंगठी पाहून माणूस क्षणभर गप्प होतो, मग दूरबिणीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन काचेवर स्टिकर लावला आहे का ते बघतो. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीत आली. कडी लाखो किलोमीटर पसरलेली पण अतिशय पातळ, त्यामुळे कडेने बघितली की दिसेनाशी होतात. दर चौदा-पंधरा वर्षांनी हे घडते. त्या वर्षी शनी बघायला आलेल्यांना कड्यांऐवजी जेमतेम एक रेघ दिसली, आणि स्टिकर निघाला असे त्यांचे मत पडले.

शनी आला की साडेसाती आलीच. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत तो अडीच वर्षांच्या थोडा आत. जन्मराशीच्या मागची, जन्मरास आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की सात वर्षे आणि चार-साडेचार महिने होतात. साडेसातला कमी पडणारा महिना-दीड महिना कुणाच्या खात्यावर घातला जातो ते कळत नाही, पण ग्राहकाने कधी बिल तपासलेले नाही. दुसरे गणित याहून रंजक आहे. बारापैकी तीन राशी म्हणजे कोणत्याही क्षणी एक चतुर्थांश माणसे साडेसातीत असतात. २०११ च्या जनगणनेत जबलपूरची नागरी वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास होती. त्यांतल्या तीन लाखांची साडेसाती एकाच वेळी चालू. शहराच्या वाहतुकीकडे बघता हा आकडा कमीच वाटतो.

ग्रह आणि नशीब यांचा संबंध तपासून बघायचा प्रयत्न पुण्यात २००८ साली झाला. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या २०० पत्रिका जमवल्या, आणि २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितले. ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती. हा निकाल सांगितल्यावर जबलपूरच काय, कुठल्याही गावातला श्रोता मान डोलावतो, "ते ठीक आहे हो," म्हणतो आणि खिशातून मुलीची पत्रिका काढतो.

मंगळाचा छळ तर दरवर्षी ऑगस्टमध्ये होतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या जवळ, पाच कोटी ५७ लाख किलोमीटरवर आला. गेल्या सुमारे साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. तेव्हा फिरलेल्या एका ई-मेलमध्ये लिहिले होते की पंचाहत्तर पट मोठे करून दाखवणाऱ्या दूरबिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हे अगदी बरोबर आहे. पुढे पाठवता पाठवता वाक्यातली दूरबीन गळाली, मग पंचाहत्तर गळाले, मग २००३ गळाले, आणि मंगळ चंद्राएवढा दिसेल एवढाच मजकूर उरला. तेव्हापासून तो व्हॉट्सअपवर दर पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्रीसारखा उगवतो, आणि रात्री साडेबाराला गच्चीवर उभे असलेले काका फोन करून विचारतात, "कुठल्या बाजूला बघू?" जबलपूरला त्या दिवसांत ढग असतात, ही उत्तर देणाऱ्यावर निसर्गाने केलेली मेहरबानी.

ग्रहणाचे प्रश्न स्वयंपाकघरातून येतात, म्हणून ते लवकर आटोपतात. दुधावर तुळशीचे पान ठेवावे का? हवे तर ठेवावे. सूर्याला कळत नाही. परातीतल्या पाण्यात मुसळ उभे राहते, ते का? बूड सपाट असेल तर ते इतर दिवशीही उभे राहते, फक्त इतर दिवशी कुणाला मुसळ उभे करून बघायची हौस येत नाही. याच्या उलट टोकाला २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण आहे. त्या दिवशी ग्रिनिचचे राजखगोलज्ञ ख्रिस्ती हे दोन मिनिटांहून कमी टिकणारा काळोख बघायला विलायतेहून जबलपूरच्या पूर्वेला शहडोलपर्यंत आले, आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला करमाळ्याजवळ जेऊरला तळ ठोकून बसले. ग्रहणात बाहेर पडू नये, हे त्यांना कुणी सांगितले नसावे.

आकाशातून पडणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत जबलपूरकरांचा कान तयार आहे, जरा जास्तच तयार. खमरियाला तोफगोळ्यांच्या चाचण्यांची लाँग प्रूफ रेंज आहे. अधूनमधून दूरवरून धडाम असा आवाज येतो, काचा थरथरतात, आणि चहाचा कप न हिंदकळवता माणसे पुढचा घोट घेतात. खरोखरीची उल्का फुटली तर हे शहर तिची नोंद कारखान्याच्या नावावर करील. उलटपक्षी, कारखान्याच्या वस्तू उल्का म्हणून येतात. "काका, हा दगड बघा, लोहचुंबक चिकटतो, भारी आहे, काळा आहे, आकाशातूनच पडला." हातात घेतल्यावर दगडाला बारीक बारीक छिद्रे दिसतात. उल्कापाषाणात बुडबुड्यांची छिद्रे सहसा नसतात. त्याच्यावर वातावरणातून येताना वितळून झालेली पातळ काळी साल असते. छिद्रे असलेला जड काळा दगड म्हणजे बहुधा भट्टीतली मळी. ओतकारखाने असलेल्या गावात ती मुरमासारखी सापडते. हे सांगताना उत्तर देणाऱ्याने चेहरा गंभीर ठेवावा, कारण समोरच्याने तो दगड तीन वर्षे देव्हाऱ्यात ठेवलेला असतो.

मदनमहालच्या टेकडीवर एका खडकावर टेकलेला प्रचंड खडक आहे. तो वरून पडला असे अनेकांना वाटते, आणि बघताना तसे वाटणे साहजिक आहे. तो ग्रॅनाइटचा आहे, जिथे आहे तिथेच लाखो वर्षांच्या ऊनपावसाने झिजून सुटा झालेला. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरे पडली, तो पडला नाही. बाहेरून आलेला नाही, म्हणूनच त्याला जाग्यावर राहण्याची सवय आहे, असे एक स्थानिक मत.

खऱ्याखुऱ्या आकाशस्थ आपत्तीशी जबलपूरचा संबंध लमेटा घाटाच्या खडकांतून लागतो. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना इथल्या बडा सिमला टेकडीत अजस्र हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून गाजलेले स्लीमन ते हेच. तेव्हा डायनासोर हा शब्दच नव्हता. तो १८४२ चा. लायडेकर यांनी १८७७ मध्ये या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले. पुढे ही हाडे कोलकात्यात हरवली आणि २०१२ साली कोलकात्यातच सापडली. सहा कोटी ६० लाख वर्षे जमिनीत सुरक्षित राहिलेल्या वस्तूचे सरकारी कपाटात काय होते, याचे हे उत्तम उदाहरण. साधारण दहा किलोमीटरचा लघुग्रह मेक्सिकोजवळ आदळून या वंशाचा शेवट झाला, असे सांगितले की हमखास प्रश्न येतो: "मेक्सिकोत पडला, तर आपल्या जबलपूरचे कसे मेले?" धूळ आणि काजळीने सगळ्या पृथ्वीवरचे ऊन अडवले, हे उत्तर. पण त्यातही एक दुरुस्ती आहे. तेव्हा जबलपूर इथे नव्हतेच. भारत हे दक्षिण गोलार्धातले बेट होते आणि उत्तरेकडे सरकत होते. शिवाय पश्चिमेला दख्खनचा लाव्हा ओतत होता. डायनासोरांनी चतुर्थी केली असती, तर पंचांग पूर्णपणे वेगळे लागले असते.

उत्तर कसे द्यावे याचा आदर्श जबलपूरला फार शोधावा लागत नाही. नेपियर टाउनमध्ये राहणारे हरिशंकर परसाई 'देशबंधु' या दैनिकात 'पूछिए परसाई से' हे सदर चालवत. वाचक सुरुवातीला हलकेफुलके, सिनेमाचे प्रश्न विचारत. परसाईंनी उत्तरे देता देता त्यांना समाज आणि राजकारण विचारायला लावले. त्यांच्याच 'इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर' या कथेत भारतीय पोलीस अधिकारी चंद्रावरच्या पोलिसांना काम शिकवायला जातो. कथा वाचून झाल्यावर चंद्रावर हवा नाही ही बाब चंद्राच्या दृष्टीने सुदैवाची वाटू लागते. आचार्य रजनीश हेही याच शहरात प्राध्यापक होते. एकंदरीत उत्तरांच्या बाबतीत इथे पुरवठा कधी कमी पडलेला नाही.

मराठीतला आदर्श पुण्याचा. नारळीकर स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, असे सांगत. उत्तर पोस्टकार्डावर येई आणि त्याखाली सही. या पद्धतीत तीन सोयी होत्या. पैशाच्या मानाने प्रश्न विचारपूर्वक लिहिला जाई, उत्तर हाताएवढ्या जागेत बसवावे लागे, आणि "पण तरीसुद्धा" म्हणायला विचारणारा समोर नसे. व्हॉट्सअपने या तिन्ही काढून घेतल्या.

मुलांचे प्रश्न अवघड असतात. रात्री अंधार का होतो, असे आठ वर्षांची मुलगी विचारते. सूर्य मावळतो म्हणून, असे तिचे बाबा म्हणतात. मग ती म्हणते, तारे तर सगळीकडे आहेत ना? इथे बाबांना फोन येतो. विश्व अनंत आणि अनादी असते आणि त्यात सगळीकडे तारे पसरलेले असते, तर जिकडे बघावे तिकडे एखादा तारा आलाच असता आणि रात्रीचे आकाश सूर्यासारखे झगझगले असते. जर्मनीत ओल्बर्स नावाच्या डॉक्टरने १८२३ मध्ये ही शंका मांडली. विश्वाला वय आहे, लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून पोचलेला नाही, हे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडले. मुलीला मात्र ते झोपायच्या आधी हवे असते.

मोठ्यांना प्लूटोचे वाईट वाटते. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून त्याला ग्रहांच्या यादीतून काढले, कारण आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला नाही. निवृत्त फोरमन मंडळींत हे कारण टिकत नाही. १९३० साली कामावर घेतले, सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला २४८ वर्षे लागतात, आणि ७६ वर्षांत, म्हणजे पहिल्या फेरीचा एक तृतीयांशही झाला नसताना, हुद्दा काढून घेतला. नोटीस दिली होती का? युनियनला बोलावले होते का? मतदानाला चारशेच्या वर काही लोक होते, असे कळल्यावर "कोरम तरी होता का" असा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न जगातल्या इतर खगोलशास्त्रज्ञांनीही विचारलेला आहे.

सूर्याबद्दल लोक सर्वांत कमी विचारतात. तो रोज येतो, चंद्रासारखा वाट बघायला लावत नाही. तरी एक प्रश्न मे-जूनमध्ये येतो: बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर का नाही? भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूला बेतलेले आहे. जबलपूरला सूर्य सरासरी दहा मिनिटे मागाहून माथ्यावर येतो. पूर्वी असे नव्हते. मुंबईकडची आणि कोलकात्याकडची रेल्वे १८७० मध्ये जबलपुरातच एकमेकींना भेटली, आणि त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. मद्रास आणि जबलपूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणून स्टेशनचे घड्याळ आणि जबलपूरचा सूर्य यांच्यात फार तर मिनिटाभराचा फरक पडे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि सूर्य लेट झाला.

पण डोक्यावर येतो तो अगदी बरोबर डोक्यावर. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडे उत्तरेला, सिहोऱ्याच्या आसपासून जाते. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे जाताना १२ जूनच्या सुमारास आणि परतताना जूनच्या अखेरीस असा दोनदा शहराच्या माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. दुसऱ्या खेपेला बहुधा पाऊस लागलेला असतो. पहिल्या खेपेला शाळेच्या पटांगणात पाण्याची बाटली, स्टीलचा पेला आणि एक मुलगा असे उभे करून ठेवतात. साडेअकराला सावली असते, बाराला थोडी उरते, बारा वाजून दहाला नसते. जमलेले लोक बाटलीभोवती वाकून बघतात, फोटो काढतात, त्यात त्यांच्याच डोक्यांच्या सावल्या येतात. उन्हाने घामाघूम झालेले एक आजोबा छत्री मिटून पुढे येतात आणि विचारतात, "सावली परत कधी निघेल?"

पाच मिनिटांनी.